चाकोरी : सांध्यावर अडकणाऱ्या टायरच्या नोंदी

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार (भाऊबीज)

ओवाळून झालं, फराळ झाला आणि भाच्याने लॅपटॉपचा ताबा घेतला. 'चाकोरी'चा पहिला टप्पा त्याला खेळायला दिला. खेळ साधाच आहे: कोकणातली वाडी, जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी (दगडी पायवाट) आणि काठीने टायर पळवणारा एक पोरगा. टू-डी, बाजूने दिसणारा. इंजिन (खेळातली हालचाल आणि टकरी सांभाळणारा कोड) माझंच, सी प्लस प्लसमध्ये, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर थोडंथोडं लिहिलेलं.

पाच मिनिटांत तक्रार आली. "मामा, हा मध्येच अडकतो."

"कशाला अडकतो?"

"कशालाच नाही. जमिनीला."

म्हटलं, कीबोर्ड जुना झालाय, बटण नीट दाब. त्यावर साहेब म्हणाले, "पळताना नाही अडकत. चालताना अडकतो. मग उडी मारली की सुटतो."

मनातल्या मनात हसलो. काही बिघडायचंच असेल तर ते वेगात बिघडेल, रमतगमत चालताना कशाला? तरी लिहून ठेवतोय. नऊ वर्षांच्या पोराने केलेली असली तरी तक्रार ती तक्रार.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बग सापडत नाही. सुरुवातीपासून टोकापर्यंत बारा फेऱ्या मारल्या, पळत आणि चालत. पोरगा एकदाही थांबला नाही.

कंटाळून एडिटरमध्ये त्याला उचललं आणि पाखाडीच्या मधोमध कुठेतरी सोडलं. उजवं बटण दाबलं. तिसऱ्या फेकीला, पहिल्याच सांध्यावर, ठप्प. समोर काही नाही, सपाट जमीन, आणि पोरगा काचेला नाक लावल्यासारखा उभा. बटण दाबून ठेवलं तरी ढिम्म हलेना. उडी मारल्यावर सुटला. म्हणजे भाचा खोटं बोलत नव्हता.

प्रत्येक टक्कर छापायला लावली. अडकतानाच्या दोन ओळी:

फ्रेम ८११ : चिरा ३६, अक्ष उभा, शिरकाव ४.९ मिमी, आडवा वेग ६.०
फ्रेम ८१२ : चिरा ३७, अक्ष आडवा, शिरकाव २.८ मिमी, आडवा वेग ०.०

छत्तिसावा चिरा म्हणतो, मी जमीन आहे. सदतिसावा म्हणतो, मी भिंत आहे. दोघे शेजारी, एकाच उंचीचे, एकाच ओळीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज दिवसभर कागद-पेन्सिल. कॉम्प्युटर उघडलाच नाही.

दोन आकार एकमेकांत घुसले की त्यांना बाहेर काढायला इंजिन एकच विचार करतं: कुठल्या दिशेने सर्वात कमी ढकलावं लागेल? ती दिशा शोधायच्या पद्धतीला सेपरेटिंग अ‍ॅक्सिस म्हणायचं, आणि धक्का त्याच दिशेने द्यायचा. एकटा चिरा माळरानावर पडला असेल तर हा विचार अगदी बरोबर आहे. वरून आलेली वस्तू वर निघते, बाजूने आपटलेली बाजूला.

पण पोरगा चिऱ्यावर उभा असतो तेव्हा तो चिऱ्यात जरासा घुसलेला असतो, साधारण ५ मिमी. तेवढी ढील मीच ठेवली आहे. ती का, ते पुढे कधीतरी लिहीन. आता तो ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने पळतोय. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये १०० मिमी. पुढच्या चिऱ्याच्या हद्दीत त्याचा पुढचा कोपरा पहिल्यांदा शिरतो त्या फ्रेमला तो ० ते १०० मिमीपर्यंत कितीही आत असू शकतो. उभा शिरकाव मात्र तोच, ५ मिमी. आडवा शिरकाव ५ पेक्षा जास्त भरला तर उभी दिशा स्वस्त पडते आणि काही होत नाही. पण आडवा २.८ निघाला की इंजिनच्या हिशेबाने बाजूला ढकलणं स्वस्त. झाली भिंत.

म्हणजे १०० मिमीपैकी ५ मिमीची खिडकी. पळताना ५ टक्के. आणि चालताना? चालण्याचा वेग १.५, एका फ्रेममध्ये २५ मिमी. खिडकी तीच ५ मिमी. २० टक्के! पळणारा विसात एकदा अडकेल, चालणारा पाचांत एकदा.

भाच्याला फोन करून सांगितलं की तू बरोबर होतास. "मी सांगितलंच होतं," म्हणाला, आणि फोन ताईकडे दिला.

मग माझ्या बारा फेऱ्यांत एकदाही का नाही? हे सुटायला संध्याकाळ झाली. चिरा बरोब्बर एक मीटरचा, पळताना बरोब्बर दहा फ्रेममध्ये पार होतो. चालताना चाळीस. प्रत्येक सांध्यावर पोरगा त्याच टप्प्यात पोचतो. पहिल्या सांध्यावर पाच सेंटिमीटर आत पोचला, तर शंभराव्यालाही तेवढाच आत. माझी सुरुवातीची जागा नशिबाने सुरक्षित होती आणि मी एकदाही न थांबता सरळ पळत होतो. भाचा मात्र थांबत होता, मागे येत होता, काजू वेचत होता. प्रत्येक थांब्याला त्याचा टप्पा बदलत होता. चाचणी कशी करू नये याचा हा नमुना. आजपासून चाचणीत सुरुवातीची जागा दर खेपेला थोडी हलवायची.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

टायरचं दुखणं वेगळं निघालं.

टायर अडकत नाही, उडतो. पाखाडीवरून जाताना टक, टक, टक असा आवाज येतो तो मी हौसेने टाकला होता: टायर हवेतून जमिनीला टेकला की आपटण्याच्या जोराप्रमाणे आवाज. सपाट जमिनीवर तो वाजायलाच नको होता. इतके दिवस वाजत होता आणि मला वाटायचं, वा, काय छान वाटतंय.

हिशेब केला. टायरची त्रिज्या ३५० मिमी, जमिनीत ५ मिमी घुसलेला, म्हणजे केंद्र ३४५ मिमी उंचीवर. गोलाची टक्कर काढताना चिऱ्यावरचा केंद्राला सर्वात जवळचा बिंदू बघतात. टायर अजून मागच्या चिऱ्यावरच आहे, पण पुढच्या चिऱ्याचा सर्वात जवळचा बिंदू म्हणजे त्याचा वरचा कोपरा. तो कोपरा टायरच्या परिघात कधी येतो? पायथागोरस: ३५० चा वर्ग वजा ३४५ चा वर्ग, ३४७५, त्याचं वर्गमूळ ५९. केंद्र सांध्यापासून ५९ मिमी मागे असतानाच टायर पुढच्या कोपऱ्याला लागतो, आणि त्या टकरीचा नॉर्मल (धक्का ज्या दिशेने बसतो ती दिशा) सरळ वर नसून जवळजवळ १० अंश मागे कललेला.

६ च्या वेगाने येणारा टायर अशा कोपऱ्यावर आला की त्या दिशेने १ मीटर प्रतिसेकंदाचा धक्का बसतो. जवळजवळ सगळा वर. माझ्या खेळात गुरुत्वाकर्षण २० ठेवलंय (खऱ्याच्या दुप्पट, नाहीतर उड्या चंद्रावरच्या वाटतात). तेव्हा टायर अडीच सेंटिमीटर उडतो आणि सेकंदाचा दहावा भाग हवेत राहतो. तेवढ्या वेळात ६० सेंटिमीटर पुढे. मीटरभराच्या चिऱ्यावर साठ सेंटिमीटर अधांतरी! वर प्रत्येक धक्क्याला वेग थोडा कमी होतो तो वेगळाच. उतारावर टायर रेंगाळतो म्हणून मी महिनाभर घर्षणाच्या आकड्याशी झटत होतो. सगळी मेहनत पाण्यात.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सोपे उपाय आधी करून बघितले, कारण सोपे आहेत.

ढील शून्य केली. पोरगा उभ्या जागी थरथरायला लागला. ढील नसेल तर एका फ्रेमला टक्कर आहे, सॉल्व्हर (टकरी सोडवणारा कोड) त्याला पूर्ण बाहेर काढतो, पुढच्या फ्रेमला टक्कर नाही, मग गुरुत्वाकर्षण पुन्हा आत ओढतं. मागच्या फ्रेमचा इम्पल्स (दिलेला धक्का) पुढच्या फ्रेमला सुरुवात म्हणून वापरायची सगळी युक्ती त्यात वाया जाते. ढील त्यासाठीच असते, टक्कर अखंड राहावी म्हणून.

ढील १ मिमी केली. पळताना १ टक्का, चालताना ४. हे तर आणखी वाईट. पाचात एकदा होणारा बग निदान दिसतो. शंभरात एकदा होणारा बग माझ्यासमोर कधीच येणार नाही, खेळणाऱ्याच्या समोर येईल.

पोराचे खालचे कोपरे घासून गोल केले. अडकणं थांबलं, पण आता पोरगाही टायरसारखा टुणटुण उडतो. शिवाय पाखाडीच्या पायरीच्या काठावर उभा राहिला की घसरतो.

तिन्ही उपाय उलटवले. ढील पुन्हा ५.

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसातल्या मित्राला विचारलं. तो युनिटीवाला, म्हणजे खेळ बनवायचं तयार इंजिन वापरणारा. म्हणाला, "कंपोझिट कोलायडर लाव, सगळे टाइल एकत्र होतात. एवढं काय त्यात." माझ्याकडे तो नाही, पण कल्पना पटली. सांधाच नसेल तर अडकायचं कशाला?

एका ओळीत सलग असलेले चिरे जोडून लांब पट्टी करायची, एकसारख्या पट्ट्या एकमेकींवर असतील तर त्यांचा एक आयत करायचा. पन्नास ओळींचा कोड. पाखाडीचा सपाट भाग एकदम गुळगुळीत झाला. टायर पहिल्यांदाच आवाज न करता घरंगळला आणि मी चहा टाकला.

चहा होईपर्यंत तीन भोकं सापडली. पायरीपाशी दोन आयत एकमेकांना भिडतात, तिथे सांधा उरतोच. उताराचा त्रिकोणी चिरा कुठल्याच आयतात बसत नाही, आणि सपाटीवरून उताराला लागतानाचा सांधा तर सर्वात महत्त्वाचा. तिसरं: गडग्याचे (दगडी कुंपणाचे) काही चिरे टायरने पाडता येतात. एक चिरा पडला की त्याचा आयत मोडून नवे करावे लागतात, आणि पाडापाडी सुरू असताना दर फ्रेमला नवे सांधे वेगवेगळ्या जागी येतात. आज टायर इथे उडेल, उद्या तिथे.

उपाय चांगला आहे, पुरेसा नाही. ठेवून दिला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चिऱ्याला स्वतःपुरतंच कळतं. शेजारी कोण आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. त्यामुळे तो स्वतःच्या चारही बाजू मोकळ्या समजतो. त्याची डावी बाजू शेजाऱ्याला चिकटलेली आहे. तिथे हवासुद्धा जात नाही, तर पोरगा तिथून येईलच कसा?

आजोळच्या पडवीची फरशी बदलली तेव्हाचं आठवलं. फरशी बसवून झाली की मिस्त्री नुसती त्या फरशीवर तळहात फिरवत नसे. आधीच्या फरशीवरून सुरुवात करून सांध्यावरून नव्या फरशीवर हात न्यायचा, डोळे दुसरीकडेच. बोटाला सांधा लागला तर मुठीने दोन ठोसे.

तर प्रत्येक चिऱ्याला चार बिट (हो-नाहीच्या खुणा) दिले: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे शेजारी आहे का. ज्या बाजूला शेजारी त्या बाजूची दिशा बाद. सदतिसावा चिरा आता म्हणतो, माझी डावी बाजू झाकलेली आहे, मी फक्त वर ढकलू शकतो. वीस ओळी! सुरुवातीची जागा हलवत दोनशे फेऱ्या चालवल्या, चालत आणि पळत. पोरगा एकदाही अडकला नाही.

टायरसाठीही तेच: कोपऱ्याच्या दोन बाजूंपैकी एक झाकलेली असेल तर तो कोपरा कोपरा नव्हेच, सपाट जमिनीचा भाग.

६ नोव्हेंबर, गुरुवार

टायर गडग्यात शिरला.

बाजूने नव्हे, चक्क आत. एक चिरा पाडला, त्या जागेतून टायर पुढे गेला आणि पुढच्या चिऱ्यात विरघळला. चिरा पाडल्यावर शेजाऱ्यांचे बिट मी बदललेच नव्हते. पलीकडचा चिरा अजून समजत होता की डावीकडे शेजारी आहे, म्हणून ती बाजू बाद. वरही चिरा, खालीही चिरा. ढकलायला दिशाच उरली नाही, तेव्हा टक्करच नाही. दोन ओळींत दुरुस्त.

दुसरं संकट मोठं आहे. तिसऱ्या टप्प्यात खाडी आहे, आणि होडीतून टायर पलीकडे न्यायचा. होडी धक्क्याला लागते, तिची फळी आणि धक्का एका पातळीत येतात, आणि त्या सांध्यावर पोरगा अडकतो. होडी चिऱ्यांच्या जाळीत नाही, तिला कसले बिट देणार? उताराचंही तसंच: सपाटी आणि १५ अंशांचा चढ यांच्या सांध्याला 'झाकलेला' किंवा 'मोकळा' यापैकी काहीच लागू होत नाही. तो दोन्हीच्या मधला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आपण काही पहिले नाही. बॉक्स-टू-डी या टू-डी फिजिक्स इंजिनाच्या कागदपत्रांत हाच रोग नावानिशी आहे: घोस्ट कोलिजन, भुताची टक्कर. एरिन कॅटोने २००६ च्या जीडीसीत (खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत) दाखवलेल्या छोट्या नमुन्यातून हे इंजिन वाढलं. अँग्री बर्ड्सच्या पोटात तेच, युनिटीच्या टू-डी भागातही तेच. एवढ्या नावाजलेल्या इंजिनाला हा रोग होता म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

त्यांचा उपाय असा. जमीन ठोकळ्यांची न करता रेषांच्या साखळीची करायची. साखळीतल्या प्रत्येक रेषेला स्वतःची दोन टोकं असतातच, शिवाय तिच्या आधीचा एक बिंदू आणि नंतरचा एक बिंदू तिला माहीत असतो. हे जादा बिंदू म्हणजे घोस्ट व्हर्टेक्स. त्यांच्याशी कोणी आपटत नाही. पण टोकापाशी टक्कर आली की रेषा त्यांच्याकडे बघून ठरवते, इथे माझा अधिकार आहे की शेजारच्या रेषेचा.

कोकणातला खेळ आणि त्यात भुतं, हे जमून आलं. माझ्या कोडमध्ये त्या बिंदूंचं नाव 'राखणदार' ठेवलंय. वेशीवर उभा, कोणाला हात लावत नाही, पण हद्द त्याला विचारून ठरते.

गोलासाठी नियम इतका सुटसुटीत आहे की लिहून ठेवतो. केंद्र रेषेच्या टोकापलीकडे गेलं असेल तर बघा: ते शेजारच्या रेषेच्या हद्दीत पडतं का? पडत असेल तर आपण गप्प बसा, शेजारी बघून घेईल. पडत नसेल तरच टोकाशी टक्कर. सपाट सांध्यावर केंद्र टोकापलीकडे गेलं की ते नेहमीच शेजाऱ्याच्या हद्दीत असतं, त्यामुळे कोपऱ्याची टक्कर कधीच होत नाही. खड्ड्यासारख्या आत वळणाऱ्या कोनातही तेच. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर, पायरीच्या काठावर, केंद्र दोघांच्याही हद्दीत नसतं, आणि तिथे कोपरा खरोखरच असतो.

चार बिट हा याच गोष्टीचा चौकोनी, अडाणी भाऊ होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चिऱ्यांच्या जाळीतून बाह्यरेषा काढायचं काम. भरीव भाग डाव्या हाताला ठेवून कडेकडेने चालायचं, सुरुवातीला परत आलं की एक साखळी पूर्ण. एका सरळीतले मधले बिंदू गाळायचे.

एकच अवघड जागा: दोन चिरे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून, तिरपे. तिथे चालणाऱ्यापुढे दोन वाटा. डावीकडे वळलं तर त्याच चिऱ्याला वळसा आणि दोघे वेगळे राहतात, उजवीकडे वळलं तर दोघे एका साखळीत. नेहमी डावीकडे, असं ठरवलं. मधून तसंही काही जात नाही.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा पोरगा, टायर आणि वाडीतली कोंबडी, तिघं जमिनीतून आरपार पाताळात. साखळी एकाच बाजूने अडवते, २०२० च्या २.४ आवृत्तीपासून बॉक्स-टू-डीतही तसंच आहे, आणि मी दिशा उलटी धरली होती. घड्याळाच्या उलट गेलं की जमिनीचा वरचा काठ उजवीकडून डावीकडे काढला जातो आणि नॉर्मल त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आकाशाकडे. माझे सगळे नॉर्मल पाताळाकडे होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टायर: पूर्ण शांत. सपाटी, चढ, उतार, पायऱ्या. सपाटीवर उभा वेग शून्यावरून हलत नाही. घर्षणाचा आकडा महिन्याभरापूर्वीचा होता तिथे परत नेला, आता उतारावर टायर हवा तसा सुटतो.

पोरगा: अजून अडकतो! क्वचित, पण अडकतो.

दुपारभर डोकं खाल्लं. साखळीच्या रेषेच्या दिशा मी तपासल्या, राखणदारांनी बाद करायच्या त्या बाद केल्या. पण पोरगा स्वतः चौकोनी आहे. सेपरेटिंग अ‍ॅक्सिस पद्धतीत दिशा दोन्ही आकारांच्या बाजूंमधून निवडतात, आणि पोराची उजवी बाजूसुद्धा एक दिशा सुचवते: आडवी. जमिनीने भिंत व्हायचं बंद केलं, तर पोरगाच म्हणायला लागला की माझ्यासमोर भिंत आहे.

म्हणजे चाळणी शेवटी लावायला हवी. दिशा कोणीही सुचवो, ती दोन शेजारी रेषांच्या नॉर्मलच्या मधल्या कोनात बसते का? बसली तर घ्या. नाही बसली तर टाका आणि पुढची स्वस्त दिशा बघा. सपाट सांध्यावर दोन्ही नॉर्मल एकच, त्यामुळे मधला कोन शून्य आणि सरळ वर सोडून काहीच बसत नाही. पायरीच्या काठावर कोन ९० अंशांचा, तिथे तिरपी दिशाही चालते. चढाच्या सांध्याला आपला मधला न्याय मिळाला.

पाच हजार सांधे, सुरुवात दर वेळी वेगळी. शून्य.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विहिरीत टाकलेला टायर परत आला नाही.

चिरा मीटरभर जाडीचा होता, रेषेला जाडीच नाही. लांबून पडणारा टायर ४० च्या वेगाला पोचला की फ्रेमला ६७ सेंटिमीटर पडतो. केंद्र एका उडीत रेषेपलीकडे गेलं की एकतर्फी रेषा त्याच्याकडे बघतच नाही. उपाय जुनाच: मागच्या फ्रेमचं केंद्र ते आताचं केंद्र अशी रेघ मारायची, ती जमिनीला छेदत असेल तर टायरला छेदाच्या अलीकडे थांबवायचं. केलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

होडी. धक्का एक साखळी, होडी दुसरी, आणि होडी हलते. होडी लागली की तिचा राखणदार धक्क्यावर ठेवायचा, सुटली की काढायचा, असं दोन दिवस लिहीत होतो. होडी डुलते, राखणदार डुलतो, वेळ साधत नाही.

मग फोटोंचं जुनं फोल्डर उघडलं, नेपथ्यासाठी काढलेले. होडी धक्क्याला लागली की माणसं काय करतात? फळी टाकतात!

खेळातही फळी टाकली. होडी थांबली की दोन्हीकडे टेकणारी, १० मिमी उंच, दोन्ही टोकांना हलका उतार असलेली छोटी साखळी. टायर तिच्यात ५ मिमी घुसतो, खालच्या सांध्यापर्यंत पोचतच नाही. होडी सुटली की फळी उचलली. दिसायलाही छान दिसते. दोन दिवसांचा कोड पुसून टाकला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एका मित्राच्या थ्री-डी खेळातल्या घाटरस्त्यावर गाडी उडते म्हणून त्याने बोलावलं. खेळ गोडोमध्ये (खेळ बनवायचं आणखी एक तयार इंजिन), त्यात जोल्ट हे फिजिक्स इंजिन (गोडो ४.४ पासून सोबतच येतं). जोल्ट त्रिकोणांच्या प्रत्येक कडेला 'जागी' की 'झोपलेली' ते आधीच ठरवून ठेवतं. दोन त्रिकोणांच्या नॉर्मलमधला कोन ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर कड झोपलेली, तिचा नॉर्मल वापरायचा नाही. बुलेट या दुसऱ्या फिजिक्स इंजिनात हेच काम टक्कर झाल्यानंतर होतं, नॉर्मल वळवून हद्दीत आणला जातो. घराणी वेगळी, राग तोच.

मग गाडी का उडावी? त्याचा रस्ता चाळीस तुकड्यांचा, प्रत्येक तुकडा स्वतंत्र मेश (त्रिकोणांची जाळी). झोपलेल्या कडा एका मेशच्या आत ठरतात. तुकड्याच्या शेवटच्या कडेला शेजारीच नाही, म्हणून ती सदैव जागी. ब्लेंडर या थ्री-डी आकार बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टकरीपुरते सगळे तुकडे एकत्र केले, एकाच जागचे दुहेरी बिंदू जोडले. गाडी सरळ गेली. त्याने वडापाव खाऊ घातला.

३० नोव्हेंबर, रविवार

भाचा आला. नवी आवृत्ती दिली. पाखाडी चढला, उतरला, मुद्दाम हळू चालला, थांबला, मागे आला. काजू वेचले. होडीतून गेला, फळीवरून टायर आणला. मी मागे उभा.

"अडकतो का?"

"नाही." जरा वेळाने, "पण मामा, टायरचा आवाज गेला."

"कुठला आवाज?"

"टक टक यायचा ना दगडांवरून. तो भारी होता. आता काय, बर्फावरून चालल्यासारखा वाटतो."

जेवण झाल्यावर दोघं बसलो. टायरच्या केंद्राने चिऱ्यांची हद्द ओलांडली की आवाज, वेगाप्रमाणे मोठा-लहान. फिजिक्सला हात नाही, फक्त कान. पहिला आवाज त्याला फार 'प्लास्टिक' वाटला. अंगणातल्या जुन्या सायकलचा टायर घेऊन जिन्याच्या पायऱ्यांवरून सोडला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. चार पायऱ्या, चार टक. दुसरा टक घेतला, बाकीच्यांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचं "कोण रे ते" आलंय.